ओठांतलं बटण

माझी भाची परदेशात मुलांना शिकवते, असं नातेवाइकांत सांगितलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एखादी चकचकीत शाळा उभी राहायची. प्रत्यक्षात तिची शाळा म्हणजे एका लाँड्रीच्या माडीवरची लांबट खोली होती. खाली दिवसभर हॉटेलांच्या चादरी धुतल्या जात. मोठी मशीनं फिरायला लागली की वर बाकांवरच्या पेन्सिली आपोआप घरंगळू लागत, आणि मुलं पुस्तकातून नजर न काढता त्या झेलत. खिडक्यांच्या काचांवर सदा वाफ धरलेली. त्या काचा हाच तिथला फळा. बोटानं लिहायचं, पुसायची कटकट नाही. थोड्या वेळात वाफ भरून येते आणि पाटी कोरी.

मुलं होती खाली चादरी धुणाऱ्या, आसपासच्या हॉटेलांत खोल्या झाडणाऱ्या बायांची. कुठकुठून पोटापाण्यासाठी आलेली कुटुंबं. काही मुलांनी शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, काहींची मधेच सुटली होती. भाची अर्धा दिवस एका दवाखान्यात नोकरी करायची आणि उरलेला अर्धा दिवस या मुलांना इतपत तयार करायची की गावातल्या मोठ्या शाळेनं त्यांना आत घ्यावं. एक मूल तिकडे गेलं की बाकावर नवं मूल येऊन बसे. हे ती कित्येक वर्षं करत होती, आणि आम्हाला घरच्यांना वाटत होतं की पोरीनं काहीतरी छंद लावून घेतलाय.

मी निवृत्त झालो आणि तिला म्हटलं, "येतो तुझ्या मदतीला. प्राथमिक शाळेत हयात गेली माझी. हाताला सवय आहे."

"ये की, मामा," ती म्हणाली. "पण इथे आल्या आल्या शिकवायचं नाही. आधी शिकायचं."

मला ती थट्टा वाटली. आमच्या बायकोला मात्र फार आनंद झाला. विमानात बसायला ती कधीच तयार नसते, त्यामुळे ती येणार नव्हतीच. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं. तिकडे जाऊन लेकरांना पाढे पाठ करायला लावाल या काळजीनं मला झोप नव्हती."

ती थट्टा नव्हती. भाचीच्या शाळेत मदतीला दूरदूरचे लोक येत, कुणी महिनाभर, कुणी सहा महिने, आणि प्रत्येकाला हाच नियम. आधी एक मूल तुमचं मास्तर होणार. ते तुम्हाला काहीतरी शिकवणार, आणि ते मूल म्हणेल की तुम्हाला आलं, तेव्हाच तुम्ही शिकवायला लागायचं. ज्यांना हे जमत नसे त्यांना ती रंगाचा डबा द्यायची. भिंत रंगवायला भाषा लागत नाही. त्यामुळे त्या खोलीच्या भिंतींना रंगाचे इतके थर चढले होते की मुलं म्हणायची, खोली दर वर्षी लहान होत चाललीय.

"तुला रंगाचा डबा हवा की मास्तर?" भाचीनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"मास्तर," मी म्हटलं. "रंगवायला घरी तुझ्या मामीनं पुष्कळ लावलंय."

माझी मास्तर म्हणून जी आली ती माझ्या कोपराएवढी होती. दोन घट्ट वेण्या, आईच्या लाँड्रीतला निळा अंगरखा कापून लहान केलेला, आणि हात कमरेवर. आल्या आल्या तिनं माझी खुर्ची सरळ केली, चष्मा नाकावर वर ढकलला आणि बोटानं समोरची काच दाखवली. भाची हळूच मला म्हणाली, "ही आमची फौजदार. जपून राहा."

फौजदार मला तिची भाषा शिकवू लागली. ती काचेवर अक्षर काढी, मी त्याखाली काढी. ती मान तिरकी करून बघे, आणि नापसंत असलं की अख्खी काच बाहीनं पुसून टाकी. माझं एक अक्षर सतत आडवं व्हायचं. भाचीनं मला भाषांतर करून सांगितलं, "ती म्हणतेय, उठव त्याला, ते झोपलंय." माझी भाची मला मामा म्हणते म्हणून मुलांना ते माझं नावच वाटलं. मग खालचा इस्त्रीवाला, कपड्यांच्या गाठोड्यांचा ड्रायव्हर, फौजदाराची आई, सगळेच मला मामा म्हणू लागले. बायकोला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्हाला मामा बनवायला परदेशात जावं लागलं होय? इथे होत होतं की ते."

हळूहळू मला अक्षरं लागली, मग लहान शब्द, मग बाजारातल्या पाट्या. बोलणंही थोडं थोडं जमू लागलं. आणि या सगळ्यात भाचीचं काम मी जवळून पाहत होतो. ती कधी आवाज चढवत नसे. उपाशी आलेल्या मुलाला ती कधी "जेवलास का" असं विचारत नसे. डबा उघडून म्हणे, "आज पण मी जास्तच आणलं, कोण मदत करतं संपवायला?" रोज तिचा डबा जास्त होई आणि रोज मदतीला कुणी ना कुणी येई. ती स्वतः उभ्या उभ्या एखादा घास खाई, तेवढ्यात कुणाची तरी बुटाची नाडी बांधून देई. मी इतकी वर्षं शाळेत काढली, पण मुलाचा मान असा सांभाळणारं माणूस मी क्वचित पाहिलं.

फौजदाराचं एक दुखणं होतं, ते मला जरा उशिरा कळलं. बोलण्यात ती कुणाला ऐकत नसे. आईच्या वतीनं घरमालकाशी, दुकानदाराशी, दवाखान्यात तीच बोले. पण कुणा मोठ्यासमोर पुस्तक धरलं की ती अडे. वाचता येत नव्हतं असं नाही. तिची वाट जरा लांबून जायची, इतकंच. शब्दापाशी थांबायची, त्याच्याकडे बघत राहायची, आणि बऱ्याच वेळानं तो शब्द बरोबर उच्चारायची. पण तेवढा वेळ कुणी देत नसे. शेजारी बसलेलं माणूस, मग ते कितीही प्रेमळ असो, तो शब्द सांगून टाकी. की फौजदार पुस्तक मिटून टाकी. "तो आता तुमचा झाला," असं म्हणे, "तुम्हीच वाचा."

आणि नेमकं वाचूनच दाखवायचं होतं. मोठ्या शाळेत प्रवेश घ्यायचा तर मुख्याध्यापकबाईंसमोर एक पान मोठ्यानं वाचावं लागे. ती गेल्या वर्षी जाऊन आली होती आणि दुसऱ्याच ओळीला पुस्तक मिटून घरी आली होती. या वर्षीही तसंच झालं तर पुढच्या वर्षी तिचं वय उलटून जाणार होतं. मग खाली घड्या घालायच्या टेबलाशी आईच्या शेजारची जागा तिची वाट पाहतच होती. तिची आई एकदा ओल्या हातांनी जिना चढून वर आली आणि दारातच उभी राहून मला म्हणाली, "घड्या ती माझ्यापेक्षा छान घालते. हीच मला भीती आहे."

मी भाचीला म्हटलं, "अगं, तिला कुणीतरी चांगलं शिकवणारं दे. माझ्याकडे काय टाकलीस? मलाच अजून वाचता येत नाही."

"म्हणूनच तुझ्याकडे दिली," ती म्हणाली. "इथे एकटा तूच असा आहेस ज्याला पुढचा शब्द माहीत नाही. तुला नाइलाजानं थांबावंच लागतं."

मग मला उलगडलं, की ती मला वाचून दाखवते तेव्हा कधी अडत का नाही. मी मास्तर नव्हतो, विद्यार्थी होतो. ती शब्दापाशी थांबे, मीही थांबे. खाली मशीन गरगरे, पेन्सिली घरंगळत. मग तिला शब्द सापडे आणि ती माझ्याकडे अशा ऐटीत बघे, की जणू तो तिनं मला भेट दिलाय.

आम्ही एक पुस्तक घेतलं होतं. एका बकरीची गोष्ट. बकरी शेजाऱ्याच्या मळ्यात घुसते, कोबी खाते, आणि गावातला प्रत्येक जण दुसऱ्याच्या बकरीवर आळ घेतो. त्यात एक शब्द होता, 'कुंपणापलीकडची' अशा अर्थाचा. त्या भाषेत असले शब्द मालगाडीसारखे लांब असतात, एकाला एक डबे जोडत जायचं. फौजदार त्या शब्दाशी दर वेळी फार वेळ थांबे.

आता माझी खोड ऐका. आमच्याकडे मास्तरला एक सवय असते. मूल अडलं की पहिलं अक्षर आपण द्यायचं, आवाज जरा वर चढवायचा, आणि मूल पुढचं पूर्ण करतं. सगळा वर्ग एका सुरात पूर्ण करतो. यात काही वाईट आहे असं मला कधी वाटलं नव्हतं, ती माया आहे. एव्हाना ती भाषा मला बरीच यायला लागली होती. एके दिवशी ती त्या लांब शब्दापाशी थांबली, आणि मला तो शब्द डोळ्यांना दिसला, कळला, इतका आनंद झाला की तोंडातून पहिलं अक्षर निघून गेलं. आवाज वर चढवून.

तिनं पुस्तक मिटलं. माझ्याकडे नुसतं पाहिलं. मला म्हणायचं होतं की अगं, मी शब्द कुठे दिला, नुसतं पहिलं अक्षर. पण तिच्या चेहऱ्यावरून कळलं की मीही इतरांसारखाच निघालो. ती जिना उतरून खाली गेली आणि त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आईबरोबर चादरीच घडी करत राहिली. दुसऱ्या दिवशी वर आली, पण माझ्या बाकाकडे फिरकली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मोठ्या शाळेतली तारीख जवळ येत होती.

"मामा, तोंड उतरवून काय बसलास," भाची म्हणाली. "तिला जाऊन सांग."

"काय सांगू? माफ कर म्हणू?"

"ते तर म्हणच. पण त्यानं काय होणार? पुढच्या वेळी तोंड कसं बंद ठेवशील ते सांग. तू मास्तर आहेस. मास्तरचं तोंड आपणहून बंद राहत नाही."

मी खाली गेलो. तिथे घड्यांच्या टेबलावर एक मोठी बरणी होती, धुताना हॉटेलांतल्या पाहुण्यांच्या सदऱ्यांची तुटून पडलेली बटणं त्यात टाकत. वर आम्ही मोजणी शिकवायला तीच वापरायचो. फौजदार एक चादर घेऊन उभी होती. मी दुसऱ्या बाजूचे कोपरे धरले. दोन माणसांनी चादर घडी करताना बोलायची गरज नसते. कोपऱ्याला कोपरा, मग जवळ यायचं, मग पुन्हा लांब. असं बरंच झाल्यावर मी तिच्या भाषेत म्हटलं, "माझं चुकलं. तो शब्द तुझा होता."

तिनं चादर ठेवली, बरणीत हात घालून चाचपत राहिली, आणि एक मोठं, चार भोकांचं, तपकिरी बटण काढलं. कुणाच्या तरी कोटाचं असावं. ते अंगरख्याला पुसलं आणि माझ्यासमोर धरलं. "हे ओठांत धर," ती म्हणाली. "मी वाचते तेव्हा. पडलं तर तू बोललास."

त्या दिवसापासून ओठांत बटण धरून मी वाचन ऐकू लागलो. सुरुवातीला माझी फार फजिती होई. जीभ आपोआप पुढे येई, बटण टपकन बाकावर पडे, आणि सगळी मुलं मशीनच्या वरताण हसत. फौजदार गंभीरपणे बटण उचलून पुन्हा माझ्या हातात देई. ती तो लांब शब्द रोज वाचू लागली. कधी लवकर, कधी उशिरा. पण तिचं ती वाचू लागली. बायकोला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "ते बटण येताना घेऊन या. विसरू नका."

मोठ्या शाळेत जायच्या दिवशी फौजदाराची आई रजा काढून आली, केस नीट बांधून, हातांना काहीतरी सुगंधी लावून. भाचीला वर्ग सोडता येणार नव्हता. फौजदारानं हुकूम सोडला की मामानं यायचं. मुख्याध्यापकबाईंच्या खोलीत मोठं टेबल होतं, कपाटांत चषक होते, आणि कोपऱ्यात काचेच्या पेटीत एकच नारिंगी मासा गोल गोल फिरत होता. बाई चांगल्या होत्या. हसून बोलल्या, फौजदाराला खुर्चीवर उशी ठेवून दिली, म्हणजे हात टेबलाला पुरतील. मग एक पुस्तक उघडून पुढे केलं. ते आमच्या बकरीचं नव्हतं. पानावर एका नावाड्याचं चित्र होतं.

मी खिशातून बटण काढून ओठांत धरलं. बाईंनी ते पाहिलं, पण परदेशी म्हाताऱ्याची काही रीत असेल असं समजून सोडून दिलं.

फौजदार वाचू लागली. पहिली ओळ गेली, दुसरी गेली. तिच्या आईनं पदराआड धरावीत तशी दोन्ही हातांची बोटं कोटाच्या बाहीत लपवली होती. तिसऱ्या ओळीत मालगाडी आली. नवीन, आम्ही कधी न पाहिलेली. फौजदार थांबली.

मला टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं, उलट्या बाजूनं, तो शब्द दिसत होता. मास्तरांना उलटं वाचायची सवय असते. मी तो लावला. 'नदीकाठावरच्यांना.' माझ्या जिभेच्या टोकावर त्याचं पहिलं अक्षर येऊन बसलं, आणि बटण तेवढं मधे होतं. तिची आई त्या पानाकडे बघत होती. तिला वाचता येत नव्हतं. आमच्या तिघांत मीच एकटा तो शब्द देऊ शकत होतो, आणि देणार नव्हतो. जन्मात मला कुठली गोष्ट इतकी जड गेली नसेल.

वेळ जात राहिला. बाईंच्या चेहऱ्यावर दया आली. मी ती ओळखली, माझीच होती ती. त्यांनी खुर्ची पुढे ओढली, मान वाकवली, आणि पहिलं अक्षर द्यायला त्यांच्या ओठांनी आकार घेतला.

मला बोलता येत नव्हतं. मी हात वर केला. वर्गात गलका झाला की करायचो तसा, तळवा पुढे. मुख्याध्यापकबाईंना असा हात कुणी दाखवला नसावा. त्या थबकल्या.

फौजदारानं पुस्तकातून नजर काढली नाही. एक बोट शब्दाखाली तसंच ठेवून तिनं दुसरा हात खिशात घातला, एक पांढरं, सदऱ्याचं छोटं बटण काढलं आणि टेबलावरून बाईंकडे सरकवलं.

बाईंनी बटणाकडे पाहिलं. माझ्या ओठांकडे पाहिलं. फौजदाराच्या बोटाकडे पाहिलं. त्या शहाण्या होत्या. त्यांनी ते बटण उचललं, ओठांत धरलं नाही, पण मुठीत घट्ट आवळलं, आणि पाठ टेकून बसल्या.

मासा फिरत राहिला. बाहेर कुठेतरी मुलं चेंडू आपटत होती. फौजदाराच्या कपाळावर आठी होती, पण ती भीतीची नव्हती, कोडं घातल्यावर पडते तशी. मग तिनं पहिला डबा उचलला. मग दुसरा. मधे एकदा मागे गेली, पुन्हा आली. आणि सगळी गाडी एकदम, तिच्या त्या घरमालकाशी भांडायच्या ठणठणीत आवाजात, फलाटाला लागली. ती थांबलीच नाही मग. ओळीमागून ओळ, नावाडी, वल्हं, पूर, पलीकडचं तीर, पान संपलं तरी तिनं पुढचं उलटलं.

"पुरे, पुरे," बाई म्हणाल्या. "सोमवारी ये. वेळेवर."

"मी वेळेवरच येते," फौजदार म्हणाली.

तिच्या आईनं माझ्याकडे पाहिलं. सोमवार तिला कळला होता, तरी तिला तो पुन्हा ऐकायचा होता. मी बटण काढून मोडक्यातोडक्या बोलीत तिला तो पुन्हा सांगितला. जिन्यावरून उतरताना ती एकदम खाली बसली, पायरीवरच, आणि फौजदारानं तिच्या पाठीवर दोनदा थोपटलं, मोठ्या माणसासारखं.

माडीवर परतलो तेव्हा मुलांनी काचेवर फौजदाराचं चित्र काढून ठेवलं होतं, कमरेवर हात. भाचीनं सगळं ऐकलं, मधे एकदाही विचारलं नाही, आणि शेवटी म्हणाली, "बाईंनी बटण परत केलं का?"

"नाही गं. राहिलं त्यांच्याच मुठीत."

"राहू दे," ती म्हणाली. आणि बाकावर रिकाम्या झालेल्या जागेकडे बघून तिनं दुसऱ्या दिवशी येणाऱ्या मुलासाठी पेन्सिलीला टोक करायला घेतलं.

माझी जायची वेळ आली तेव्हा फौजदार मोठ्या शाळेचा पोशाख घालून जिना चढून आली. मला शिकवायची परवानगी तिनं अजून दिलेलीच नव्हती, ते तिच्या लक्षात होतं. तिनं माझी खुर्ची सरळ केली, चष्मा नाकावर वर ढकलला आणि नव्या शाळेतलं तिचं जाडजूड पुस्तक माझ्यापुढे उघडलं. "वाच," ती म्हणाली.

मी वाचू लागलो. सगळी मुलं भोवती जमली. दुसऱ्याच ओळीत मालगाडी आली, अशी लांब, की तिचा शेवटचा डबा पुढच्या ओळीत होता. मी थांबलो. एका पोरानं सांगायला तोंड उघडलं, तसं फौजदारानं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं ते मिटून घेतलं. मग तिनं मोजणीसाठी वर आणलेल्या बरणीतून एक बटण काढलं, अंगरख्याला पुसायची सवय म्हणून नव्या पोशाखाला पुसलं, आणि स्वतःच्या ओठांत धरलं. भाची दारात उभी होती. तिनं सगळ्या मुलांच्या हातांत एकेक बटण ठेवलं आणि शेवटचं आपल्या ओठांत धरलं.

खाली मशीन सुरू झालं. पेन्सिली घरंगळल्या, कुणीतरी न बघता झेलल्या. विमानाला अजून वेळ होता. ओठांत बटणं धरून सगळी शाळा माझी वाट पाहत होती, आणि मी अजून तिसऱ्याच डब्यापाशी होतो.